रेघ एक, रंग एक

मंडळी, मागे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला आणि 'शकुंतला'वर मी बोलावे असा आग्रह झाला. आता नुसते भाषण कोण ऐकतो? म्हणून नातीच्या मदतीने पॉवरपॉइंट शिकलो आणि बारा स्लाइड्स तयार केल्या.

आमचे मूर्तिजापूर म्हणजे जंक्शन. मोठी लाइन मुंबई-हावड्याची. तिला फुटलेल्या अडीच फुटी दोन फांद्या, एक कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरी दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला, सुमारे ७६. गाडी आता बंद झाली. तिचे वाफेचे इंजिन तर १९९४ सालीच गेले. पहिल्या नकाशात मी यवतमाळची रेघ लाल काढली, अचलपूरची हिरवी. पुढच्या तक्त्यात नेमके उलटे! शिवाय मथळा कुठे जांभळा, कुठे गुलाबी.

नात म्हणाली, "आजोबा, यवतमाळ आत्ता तर लाल होतं!"

भूगोल शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला हे ऐकावे लागले! सर्वेक्षण खात्याच्या नकाशात पाणी निळे, झाडी हिरवी, समोच्चरेषा तपकिरी. पान बदलले म्हणून रंग बदलत नाही, म्हणूनच नकाशा वाचता येतो.

नातीने मग 'थीम'चे रंग दाखवले. त्यात मजकूर आणि पार्श्वभूमीचे चार, ठळक सहा आणि दुव्यांचे दोन असतात. त्यातूनच रंग निवडायचा, म्हणजे थीम बदलली की सगळ्या स्लाइड्स एकदम बदलतात. बाहेरचा रंग घेतला की तो तसाच राहतो आणि घोळ होतो.

सगळे जुळवून मी एका जुन्या विद्यार्थ्याला घरी बोलावून दाखवले. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, मले तं दोन्ही रेघा सारख्याच दिसून राह्यल्या."

त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. नोकरीच्या तपासणीत कळले म्हणे.

आणि मला एकदम आठवले. सातवीत याने नकाशातले जंगल विटकरी रंगवून आणले होते. मी वही वर धरून वर्गाला दाखवली होती. सगळे हसले होते. मीसुद्धा.

"तेव्हा बोलला का नाहीस रे?"

"मलेच कुठं ठाऊक होतं गुरुजी? मले वाटे, मीच ढ आहो."

त्या रात्री पुन्हा बसलो. यवतमाळ गडद निळी, अचलपूर नारिंगी, मोठी लाइन करडी आणि प्रत्येक रेघेवर गावाचे नाव. नुसत्या रंगाच्या भरवशावर काहीच ठेवले नाही. काळ्या-पांढऱ्यात छापून पाहिले, तरी रेघा वेगळ्या कळल्या.

मेळाव्यात तो पहिल्या रांगेत होता. बोलायला सुरुवात करण्याआधी मी त्या वहीची गोष्ट, त्याचे नाव न घेता, सांगितली आणि माफी मागितली. तो मान खाली घालून हसत होता.

असो. तुमच्या वर्गात असा कुणी होता का? आठवून बघा.