आजीच्या हातावरची तुळस

आजीच्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. लग्नाआधीचं, ती दहा-अकरा वर्षांची असतानाचं. विहारात त्रिशरण-पंचशील घ्यायला तिनं हात जोडले की ते हिरवट वृंदावन नेमकं समोर यायचं. लहानपणी एकदा मी विचारलं, "आजी, आपण तर बौद्ध. मग ही तुळस कशी?" तिनं पदर हातावर ओढून घेतला आणि म्हणाली, "देव पान्यात सोडले बाई. कातडं कसं सोडू?"

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. आजोबांचा हातमाग होता. जाडंभरडं लुगडं विणायचे. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले तेव्हा आजीनं त्यांना मत दिलं होतं. ते पडले. हे सांगताना कित्येक वर्षांनंतरही तिचा आवाज उतरायचा. दोन वर्षांनी नागपुरात धम्मदीक्षा आहे असं कळलं आणि आमच्या वस्तीतली माणसं भाकरी बांधून पायी निघाली. पांढरी वस्त्रं नेसून या, असा निरोप होता. आजीजवळ पांढरं लुगडं नव्हतं. आजोबांनी मागावरचं, रंग न दिलेलं कापड कापून तिला दिलं. माझे वडील तेव्हा सहा वर्षांचे. ते बराचसा रस्ता आजोबांच्या खांद्यावर बसून गेले.

१४ ऑक्टोबर १९५६. कुशिनाराचे भिक्खू चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना दीक्षा दिली, आणि मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखोंना दिली. आजीला व्यासपीठ दिसलंच नाही. भोंग्यातून येणारा आवाज ऐकायचा आणि त्याच्यामागून म्हणायचं. बावीस प्रतिज्ञांपैकी तिच्या मनात रुतून बसली ती नव्या जन्माची. ती म्हणायची, "माहा पैला जनम कोन्या तारखेले झाला, कोनाले ठाऊक नाई. दुसऱ्याची तारीख साऱ्या जगाले ठाऊक आहे." पुढे शिधापत्रिकेसाठी जन्मतारीख विचारली तर ती हीच सांगायची. कारकून हसायचा. ती हसत नसे.

परत आल्यावर आजोबांनी घरातले पितळी टाक आणि शेंदूर फासलेले दगड टोपलीत भरले, नदीत छातीभर पाण्यात गेले आणि टोपली सोडून दिली. ही गोष्ट आमच्यात घरोघरी अभिमानानं सांगतात, सांगावीच. पण त्या रात्रीचं जे आजीनं मला एकटीला सांगितलं, तेही नोंदवलं पाहिजे. ती रात्रभर जागी होती. देव्हाऱ्याच्या जागी भिंतीवर काजळीचा चौकोन उरला होता आणि तिला भीती वाटत होती. पोरगं आजारी पडलं तर आता कोणाकडे बघायचं? महिन्याभरात वडिलांना गोवर आला. मरीमाय कोपली, असं शेजारपाजार बोलू लागला. सासू म्हणाली, एक कोंबडं कबूल कर, कोण बघतंय. आजीनं कबूल केलं नाही. बैलगाडी करून पोराला दवाखान्यात नेलं. पोरगं वाचलं, म्हणून ही गोष्ट आज सांगता येते. वाचलं नसतं तर आजी कुठे असती, हे मी तिला कधी विचारू शकले नाही. माझ्या लेखी तिची दीक्षा नागपुरात सुरू झाली आणि त्या बैलगाडीत पुरी झाली.

मेलेलं जनावर ओढणं वस्तीनं बंद केलं. गावानं मजुरी बंद केली. दोन पावसाळे घरात एकवेळची चूल होती. डिसेंबरच्या सहा तारखेला बाबासाहेब गेले, दीक्षेला पुरते दोन महिनेही झाले नव्हते. पुढे कसं वागायचं, लग्न कसं लावायचं, मेलेल्याला निरोप कसा द्यायचा, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. माणसं एकमेकांना विचारत शिकली.

आधी शब्द शिकली. माझ्या मते सगळ्यात अवघड काम तेच होतं, कारण मराठी बोलायला तोंड उघडलं की देव येतो. देव पावला, देवाघरी गेला, देवमाणूस, राम म्हणायचा. आजोबांच्या वडिलांच्या तोंडात जोहार बसलेला होता. आजोबांच्या तोंडी जयभीम आला. हा एक शब्द बदलायला पाठीचा कणा बदलावा लागला, कारण जोहार वाकून घालायचा असतो आणि जयभीम उभ्यानं म्हणतात. लग्नपत्रिकेवर शुभविवाहाच्या जागी मंगल परिणय आलं, श्री आणि सौ. गेले, आयुष्मान आणि आयुष्मती आले. माणूस मेला की कैलासवासी न होता कालकथित झाला, तेराव्याच्या जागी पुण्यानुमोदन आलं. वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलं जाई. आजीला अक्षर येत नव्हतं, पण वाचणाऱ्यानं पान गाळलं तर ती टोकायची.

मात्र सगळं असं झालं नाही. १९७८ साली आत्याचं स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांनी चहा पिता पिता विचारलं, "तुम्ही बावणे का लाडवण?" दीक्षेला बावीस वर्षं झाली होती. भिंतीवर बुद्ध, खाली बसलेले पाहुणे बौद्ध, आणि प्रश्न पोटजातीचा. आजीनं ते स्थळ परत पाठवलं. पण हा प्रश्न अजूनही विचारला जातो, फक्त आवाज खाली करून. आम्हीच आम्हाला हे विचारतो, त्याचं दुःख मला बाहेरच्यांच्या अपमानापेक्षा जास्त आहे. माझी आईसुद्धा 'जय संतोषी माँ' सिनेमा आला तेव्हा लपून शुक्रवार करत होती. आजीला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. आईला त्या बैलगाडीची गोष्ट सांगितली आणि पुढच्या शुक्रवारी स्वतः तिच्या ताटात, त्या व्रताला न चालणारी, लिंबाची फोड वाढली.

माझं भांडण झालं ते बाबांशी. ते १९७१ साली रेल्वेत लागले, राखीव जागेवर. मी पंधरा वर्षांची असताना त्यांच्या पेटीत त्यांचं जातप्रमाणपत्र सापडलं. त्यावर लिहिलं होतं, हिंदू-महार. माझ्या शाळेच्या दाखल्यावर बौद्ध होतं, ते त्यांनीच लिहिलं होतं. मी तो कागद त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाले, "तुम्ही खोटं लिहिलंत." बाबा कधी आवाज चढवत नसत. म्हणाले, "रकानाच तसा होता. मी त्यात बसलो."

मला तेव्हा कळलं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असं ठरवलं होतं. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्धांना यायला १९९० उजाडलं. महाराष्ट्रानं राज्यापुरत्या सवलती आधीच दिल्या होत्या, म्हणून शाळेत मी बौद्ध होऊ शकले. केंद्राच्या नोकरीत बाबा होऊ शकत नव्हते. गावानं ज्याला महार म्हणूनच वागवलं, त्याला कागदावर महार ठरण्यासाठी आधी हिंदू व्हावं लागत होतं. चौतीस वर्षं हजारो घरांत असंच चाललं. १९९० ची दुरुस्ती झाली त्या दिवशी बाबांनी बातमीचं कात्रण कापून त्याच पेटीत ठेवलं. पण स्वतःची नोंद बदलली नाही. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, नवं प्रमाणपत्र, आणि मध्येच बदललं तर चौकशी लागेल ही भीती. २०१० मध्ये ते हिंदू-महार म्हणूनच निवृत्त झाले.

पुढे शाळा-कॉलेजात मला 'नवबौद्ध' हा शब्द चिकटला. तो मला कधी आवडला नाही. नव किती पिढ्या राहायचं? १९६९-७० साली आमच्याच जिल्ह्यात पवनीला उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुन्या स्तूपांचे अवशेष निघाले. पवनीही वैनगंगेच्याच काठी आहे. बाबा मला तिथे घेऊन गेले होते. ते काही बोलले नाहीत, विटांवरून हात फिरवत राहिले.

आजी २००३ मध्ये गेली. दीक्षाभूमीचा मोठा स्तूप तिनं पाहिला होता. पांढऱ्या लुगड्यात तिला निजवलं तेव्हा हात उघडा राहिला आणि तुळस दिसत होती. आत्यानं पदर ओढायला हात पुढे केला. बाबा म्हणाले, "राहू दे. तेही तिचंच आहे."

फेब्रुवारी २०११ मध्ये मी शिक्षिका म्हणून जनगणनेच्या कामाला होते. प्रगणकाला नियम असतो: धर्म सांगणारा सांगेल तोच लिहायचा, घर बघून ठरवायचा नाही. एका घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, समोर पांढऱ्या केसांचे गृहस्थ. धर्म विचारला. ते घुटमळले, म्हणाले, "हिंदूच लिहा. पोराची नोकरी आहे." मी सांगितलं, आता बौद्ध लिहूनही अनुसूचित जातीत नोंद होते, काही जात नाही. त्यांनी मान हलवली. मी त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. ते घर कोणतं हे मी सांगणार नाही, ती माहिती गुप्त असते. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांच्या शेजारी बराच वेळ बसले. पंधराव्या वर्षी जे बोलले होते त्याची माफी मागितली.

बाबा २०१९ मध्ये गेले. नगरपरिषदेत मृत्यूची नोंद करायला मीच गेले होते. अर्जात धर्माचा रकाना होता. पुरावा कुणी मागितला नाही. मी बौद्ध लिहिलं. जनगणना सोडली तर सरकारी कागदावर बाबांचा खरा धर्म लिहिला गेला तो एवढ्याच एका ठिकाणी, आणि तोही माझ्या अक्षरात. मिळालेल्या दाखल्यावर धर्म छापलेला नसतो.

२०११ च्या मोजणीत देशात बौद्ध चौऱ्याऐंशी लाख निघाले, त्यांतले पासष्ट लाख महाराष्ट्रातले. त्यात ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ नाहीत. माझे बाबा आहेत, कारण जनगणनेला कागद लागत नाही, तोंडी सांगावं लागतं, आणि त्यांनी सांगितलं होतं. आता पुन्हा मोजणी होईल. तुमच्या दारात माझ्यासारखीच कुणी शिक्षिका येईल. तुमच्या भिंतीवरचा बुद्ध तिला दिसत असला तरी तिला स्वतःहून काही लिहिता येणार नाही. तेव्हा सांगा.