फाईलला कसली रांग?

"अहो ताई, पुस्तक म्हणजे आता फाईलच ना? मग फाईलला कसली रांग?"

काउंटरपलीकडच्या काकांचा आवाज जरा चढलाच होता. न्यू जर्सीला मुलाकडे कायमचे राहायला आलेले, हातात नातीने दिलेला किंडल. हवी असलेली कादंबरी वाचनालयाची ई-पुस्तकं देणाऱ्या लिबी अॅपवर दिसत होती, पण खाली लिहिलेलं होतं: प्रती ४, प्रतीक्षेत ३०, अंदाजे १५ आठवडे.

प्रश्न अगदी रास्त होता. इथल्या सार्वजनिक वाचनालयात नोकरीला लागले तेव्हा मलाही तो पडला होता. त्याआधी नऊ वर्षं मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी देवघेव विभागात काढली. तिथे पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत क्रमांक चढायचा, ठरलेल्या आतल्या पानावर गुप्त शिक्का बसायचा, मागे तारखांची चिठ्ठी चिकटायची. पुस्तक आपलं झालं. पुढे चहा सांडो की वाळवी लागो, बाद करायचं की नाही हे आपण ठरवायचं.

ई-पुस्तकाला दाखल क्रमांक नसतो, कारण ते वाचनालयाचं नसतंच. विकत घेतलेली छापील प्रत पुढे द्यायला किंवा विकायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९०८ सालीच मान्य केलं. पण फाईल आम्हाला विकली जात नाही, तिचा परवाना मिळतो. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. काकांची रांग फाईलला नव्हती, परवान्याला होती.

आणि हा परवाना संपतोसुद्धा. मोठ्या प्रकाशकांच्या नव्या कादंबरीसाठी आम्ही ५०-६० डॉलर मोजतो, ते बहुतेकदा दोन वर्षांपुरते. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये वेगळाच हिशेब मांडला: २६ वेळा उसनं गेलं की परवाना संपला. पंधरवड्याला एक वाचक धरला तर जेमतेम वर्षभर. ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी तेव्हा त्याच प्रकाशकाची, २६ पेक्षा कितीतरी जास्त वेळा फिरलेली धडधाकट छापील पुस्तकं हातात धरून व्हिडिओच काढला. मॅकमिलनने २०१९ मध्ये नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे अख्ख्या वाचनालयाला एकच ई-प्रत द्यायची असं ठरवलं. वाचनालयांनी बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये तो नियम मागे घेतला गेला. लेखकाचं पोट चालायला हवं, हे मला मान्य आहे. पण परवाना संपवताना छापील प्रतीच्या ज्या झिजेचा हवाला दिला जातो, ती फाईलला होत नाही.

काकांना मी हे सगळं सांगत बसले नाही. रांगेत नाव घालून दिलं आणि तोवर लगेच मिळणारं दुसरं एक पुस्तक काढून दिलं. लिबीत 'बॉरो' दाबलं, मग किंडलवर वाचायचा पर्याय निवडला. अॅमेझॉनचं पान उघडलं, नातीच्या खात्याने आत शिरलो, वायफाय चालू केलं. मिनिटाभरात पुस्तक हजर. वाचनालयाची पुस्तकं किंडलवर घ्यायची ही सोय २०११ पासून आहे, पण फक्त अमेरिकेत. कॅनडा-इंग्लंडातल्या मराठी मंडळींनी कोबो रीडर बघावा. त्याच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये वाचनालय आतच असतं. इतर काही रीडरांना अजूनही केबल लागते. तिथे डाउनलोड केल्यावर हाती पडते ती चिमुकली एसीएसएम फाईल. ती पुस्तक नव्हे, पुस्तकाची पावती. अडोबीचं सॉफ्टवेअर तिच्यावरून खरं पुस्तक उतरवतं. ती पावतीच रीडरवर टाकून "पुस्तक कोरं निघालं" म्हणणारे मला महिन्याला दोघे-तिघे भेटतात.

पंधरवड्याने काका परत आले, गालात हसत. "मी वायफाय बंदच ठेवलंय. मुदत संपली तरी पुस्तक आहे माझ्याकडे!" मग एकदम आवाज उतरला. "चोरी झाली का हो ही?"

गावी एक सभासद गाजलेली कादंबरी दोन-दोन महिने दाबून ठेवायचे आणि बाकीचे आमच्या नावाने खडे फोडायचे. इथे तसं होत नाही. मुदत संपली त्या क्षणी परवाना पुढच्याकडे गेलेला असतो. काकांच्या किंडलवर उरली ती नुसती प्रत. कुणाचंच अडलं नव्हतं. ही पळवाट मी स्वतःहून कुणाला शिकवत नाही, पण ती वापरणाऱ्याला रागावतही नाही.

कादंबरीचा नंबर दहाव्या आठवड्यातच लागला. वाचून होताच परत करणारे पुष्कळ असतात. काकांनीही ती पाच दिवसांत संपवली आणि ती परत करायला किंडल घेऊन थेट काउंटरवर आले. घरबसल्या एक बटण दाबलं असतं तरी चाललं असतं, म्हटलं.

"माहितीये. पण पुढच्याला मिळालं का, ते तुमच्याकडे दिसतं ना?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. प्रतीक्षेत २७ होते. त्यांनी बटण दाबलं, मी पान पुन्हा उघडलं. २६.