चारठाण्याची भाकर

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण पुण्या-मुंबईकडची माणसे मोठ्या चवीने ऐकवतात. ती ज्याने प्रथम उच्चारली त्याने परभणीकडची ज्वारी खाल्ली नसावी, असे आपले माझे मत आहे. परभणीहून एस. टी. ने जिंतूर गाठावे आणि मंठ्याच्या वाटेला लागावे, म्हणजे चारठाणा येते. माझे आजोळ हेच.

गावाचे जुने नाव चारुक्षेत्र होते, असे गावकरी सांगतात. गावात थोडे हिंडले की ते उगीच मिळाले नसावे असे वाटू लागते. यादवकाळातली देवळे गावात आणि गावाबाहेर विखुरलेली आहेत. गोकुळेश्वराचे देऊळ आणि तिथली बारव पाहायला अलीकडे दुरून माणसे येतात, मान वर करून खांबांवरचे कोरीव काम न्याहाळतात. पण नजर पहिल्याप्रथम खिळते ती एका उंच, नक्षीदार दगडी स्तंभावर. कोणी त्याला दीपमाळ म्हणतात, कोणी मानस्तंभ, कोणी विजयस्तंभ. हा वाद पंडितांनी मिटवावा. माझ्या आज्जीपुरता तो केव्हाच मिटला आहे. “खांब हाय तो,” ती म्हणते, “त्याला काय नाव ठिवायचं?”

ही देवळे हेमाडपंती म्हणून ओळखली जातात. चुन्याचा लेप न घालता दगडावर दगड बसवायचा, खाच आणि खुंटी जुळवायची आणि बाकीचे वजनावर सोपवायचे, ही ती पद्धत. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातल्या देवगिरीच्या यादवांचा मंत्री. मोडी त्याने आणली आणि बाजरीही त्यानेच आणली, असे परंपरा म्हणते. खरे-खोटे इतिहासकार जाणोत. पण चुन्यावाचून उभे राहणारे देऊळ आणि चिकावाचून उभी राहणारी भाकरी एकाच माणसाच्या नावाशी जोडली जावी, यात मला मोठी गंमत वाटते. गव्हाच्या कणकेत चीक असतो. ती ओढावी तशी ताणते, लाटावी तशी पसरते. ज्वारीच्या पिठात तो नाही. तिथे सारा कारभार उकळत्या पाण्यावर आणि हातावर चालतो.

आणि हातच शिकायला मी गेल्या माघात चारठाण्याला जाऊन राहिलो होतो. त्याचे कारण असे की, आज्जीला आता पुण्यास न्यायचे घरात ठरले होते. वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू, वाड्यात दुसरे कोणी नाही. निरोपावर निरोप गेले, पण ती हलेना. शेवटी तिने खरी अडचण सांगितली. “तुमच्याकडं समदे पोळ्या खातेत. मला भाकर कोन थापून देईल? तू शिक, मग येते.” तीन दिवसांची रजा मी या परीक्षेसाठी काढली.

पहाटे तिने काठवट पुढ्यात ठेवली. लाकडी, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. तिच्या सासूच्या हातची. शेजारी चूल, वैलावर आधणाचे पाणी. “पीठ कालच दळलेलं हाय,” तिने आधी बजावले. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की त्याची विरी जाते. मग पाणी कितीही घाला, भाकरी कडेने फाटते आणि उचलताना तुटते. गिरणीत आठ-आठ दिवसांचे दळण एकदम आणणाऱ्या शहरी घरांत भाकरी बिघडते ती इथेच, हाताच्या आधी पिठात.

पिठात आळे करून तिने आधण ओतले, उलथन्याने कालवले आणि हाताला सोसवेल इतके निवताच मळायला घेतले. गरम पाण्याने पिठातले सत्त्व थोडेसे शिजते आणि तेच चिकाचे काम करते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. आज्जीला ते तळहातातून ठाऊक होते. “आवाज ऐक,” ती म्हणाली. नजर अधू झाल्यापासून ती भाकरी कानांनी करते. उंडा नीट मळला की काठवटीवरून सरकताना तो आवाज करीत नाही. थापताना हाताचा आवाज आधी जड येतो, मग भाकरी पातळ होत जाते तसा मोकळा. त्या मोकळ्या आवाजाला थांबायचे. पुढची एक थापही भोक पाडते.

भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच तिच्यावर ओल्या बोटांनी पाणी फिरवायचे. पाणी वाळू लागले, पण पुरते वाळले नाही, की उलटायची. दुसरी बाजू नीट भाजू द्यायची आणि मग तवा उतरवून पहिली बाजू आराकडे धरून भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी करायची. आत कोंडलेली वाफ वाट शोधते, पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. सांगायला हे पाच वाक्यांत झाले. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेजारच्या तीन बायका ओट्यावर येऊन बसल्या होत्या, कारण ‘नातू भाकर थापायलाय’ ही बातमी गल्लीत फिरली होती. त्यांतल्या एकीने माझ्या भाकरीकडे पाहून हा भारताचा नकाशा आहे की महाराष्ट्राचा, असे विचारले. आज्जी मात्र हसली नाही. ती फक्त म्हणाली, “हात घाबरायलाय. त्याला गरम लागू दे.”

दुपारी आम्ही रानाकडे गेलो. पूर्वी माघात इकडे जिकडेतिकडे शाळू उभा असे. पाखरे राखायला माळे असत, गोफणी फिरत. आता मधल्या दशकांत कापूस आणि सोयाबीनने बरीचशी राने घेतली आहेत. शेतकऱ्याला त्यात दोष देता येत नाही. रब्बीची ज्वारी हाताने उपटावी लागते, त्याला माणसे मिळत नाहीत, आणि एकट्यादुकट्याने पेरली तर पंचक्रोशीतली पाखरे त्याच्याच रानावर उतरतात. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष साजरे केले. मान वाढला, पेरा आटला, अशी ज्वारीची आजची गत आहे.

आज्जीला ज्वारीची वेगळीच मोजणी ठाऊक आहे. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ निघाले. पुढे त्याने ‘परभणी मोती’सारखे वाण दिले. आज्जीच्या हिशेबात मात्र १९७२ म्हणजे दुष्काळ. पदरी तीन लेकरे होती. ती खडी फोडायला जात होती. तेव्हा परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी वाटली गेली. “तिची भाकर तव्यावरच मोडायची,” ती म्हणाली. “तुकडे का होईना, लेकरांच्या ताटात अर्धी अर्धी मोजून वाढायची. तुझा मामा म्हनायचा, आई, गोल कर ना. गोल कुठून करू?” एवढे बोलून ती बांधावरच्या हरभऱ्याकडे वळली. मी थापलेल्या नकाशावर ती का हसली नव्हती, ते मला तिथे कळले.

नॉर्वे नावाच्या थंड देशात फ्लाटब्रोड नावाची एक भाकरी करतात. गहू तिथे नीट पिकत नसे, म्हणून जव आणि ओट यांची, कागदासारखी पातळ, मोठ्या सपाट तव्यावर भाजलेली. पूर्वी बायका एकत्र जमून एकदम कित्येक महिन्यांच्या थप्प्या रचून ठेवीत. आपल्या सोलापूरच्या कडक भाकरीची ही दूरची मावशीच म्हणायची. सुदानात ज्वारीचेच पीठ आंबवून किसरा नावाची पातळ पोळी घालतात. ज्वारी मुळात आफ्रिकेची. मी हे आज्जीला सांगितले. कित्येक महिन्यांची भाकरी एकदम करून ठेवतात हे ऐकून तिला त्या नॉर्वेच्या बायकांची कीव आली. “ताजं खायाला मिळत नसंल बिचाऱ्यांना,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी एक प्रश्न उरला होता. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर चूल कुठून आणायची? मग शेजारणीच्या गॅसवर प्रयोग झाला. भाकरी मी थापली. तव्यावर दोन्ही बाजू झाल्यावर तवा बाजूला केला आणि ती सरळ ज्योतीवर धरली. ती फुगली, एका कडेने वाफ निसटली, पण फुगली. आज्जीने तुकडा मोडला, पापुद्रा बोटांनी सोडवून पाहिला, ठेच्याला लावून खाल्ला. सगळी गल्ली निकालाची वाट पाहत होती.

“धुराचा वास न्हाई,” ती म्हणाली. मग बराच वेळ चावत राहिली. “पन भाकर हाय.”

संध्याकाळी ती सामान काढू लागली. लुगडी चार, देव एका डब्यात, काठवट गोधडीत गुंडाळून. मी म्हटले, पुण्यात काठवटी मिळतात. तिने ऐकले न ऐकलेसे केले आणि कोपऱ्यातल्या कणगीकडे बोट दाखवले. ज्वारीचे एक पोते भरून बरोबर घ्यायचे होते. तिकडची गिरणी कितीही चांगली असली तरी तिकडच्या ज्वारीवर तिचा विश्वास नव्हता.

“एस. टी. त पोतं चालत नसंल तर मी बी न्हाई येत,” तिने सांगून टाकले. मी पोत्याचे तोंड शिवायला दाभण शोधू लागलो.