मामाची हुडहुडी

मामाला लिम्फोमा झालाय हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. केमोनंतर फुप्फुसात बुरशी शिरली, म्हणून अँफोटेरिसिन-बी सुरू झालं. सलाईन चढलं की तासाभरात हुडहुडी! दोन रगही पुरेनात. मामी म्हणाली, "बंदच करा ते."

गंमत बघा, या औषधाचा एक भाऊबंद पिंपरीतच जन्मला. मामाची सारी नोकरी जिथे झाली त्या एच.ए.त, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, १९६१ साली हॅमायसिन सापडलं. ते बनवणाऱ्या जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना! दोन्ही औषधं बुरशीच्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात.

थोडी भोकं आपल्याही पेशींना पडतात. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या तीसेक पट असतं. एरवी त्याच्या वाटांवर, म्हणजे आयन चॅनेलवर, पहारा असतो. ही भोकं मात्र उघडीच. पोटॅशियम ओघळलं की रोगप्रतिकारक पेशी बिथरतात आणि इंटरल्यूकिन-१ बीटा सोडतात. तो निरोप मेंदूपर्यंत गेला की थंडी-ताप. हुडहुडीचं हे एक कारण. असे निरोप प्रयोगशाळेत अनेकदा यू-९३७ पेशींवर अभ्यासतात. त्या १९७४ साली एका ३७ वर्षांच्या लिम्फोमाच्या रुग्णाकडून मिळाल्या. म्हणजे मामाचाच आजार!

हे सगळं मामीला सांगितलं. डॉक्टरांनी सलाईनचा वेग कमी केलाय, आधी पॅरासिटामॉल देतात, रक्तातलं पोटॅशियम रोज तपासतात. औषध चालू आहे. मामीने तिसरा रग नेलाय.

असो. कळवत राहीन.