नंबरात न लिहिलेली गाडी

मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, घरगुती वळणाची गाडी आणि तिच्यात कोंबलेलं भलं मोठं इंजिन. अमेरिकेला साठच्या दशकात हे वेड लागलं, आणि ते लावण्यात पॉन्टिॲक जीटीओ या गाडीचा मोठा हात. आमच्या बडोद्याच्या घरात चेतक स्कूटर आणि मारुती ८०० यापलीकडे वाहनविद्या गेली नव्हती, त्यामुळे मलाही हे सगळं मिशिगनमध्ये प्रोजेक्टवर गेल्यावरच कळलं.

टीममधले एक सहकारी निवृत्तीला आले होते. त्यांना १९६५ची जीटीओ घ्यायची होती, अगदी कॉलेजपासून. जवळच्याच गावात एक सापडली. विकणाऱ्या बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते, गाडी त्यांची. सहकारी मला म्हणाले, "तू दिवसभर डेटातल्या चुका शोधतेस, चल बरोबर. मी गाडी बघितली की माझं डोकं चालायचं नाही."

गाडी सुंदरच होती. पण जीटीओच्या बाबतीत दिसण्याला फारसा अर्थ नाही, आणि त्यामागची गोष्ट मजेशीर आहे. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या मंडळींनी त्यातून पळवाट काढली. नियम गाडीच्या मॉडेलला होता, गिऱ्हाइकाने पैसे भरून घेतलेल्या जादा सामानाला नव्हता! म्हणून त्यांनी १९६४च्या ले मॉन्स गाडीवर जीटीओ हे सुमारे २९६ डॉलरचं 'पॅकेज' ठेवलं आणि त्यात ३८९ घनइंचाचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन दिलं. नावसुद्धा फेरारीकडून उचललेलं. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या गेल्या, दुसऱ्या वर्षी ७५ हजारांवर.

या पळवाटेची किंमत आजचा गिऱ्हाईक मोजतो. कागदोपत्री गाडी ले मॉन्सच राहिली, त्यामुळे तिच्या नंबरात जीटीओचा उल्लेखच नाही. १९६६ला जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि नंबर २४२ने सुरू होऊ लागला. त्याआधीच्या वर्षी, १९६५ला, साधी ले मॉन्स असो की जीटीओ, सुरुवात २३७नेच. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या दोन व्हर्जनमध्ये तो कॉलमच नव्हता. आणि बॉनेटवरचा फुगवटा, समोरची जाळी, जीटीओचा बिल्ला, सगळं आजही नवं विकत मिळतं आणि बोल्टने बसतं.

मी टॉर्च घेऊन नंबर वाचला. २३७३७, म्हणजे ले मॉन्स, दोन दारांची हार्डटॉप. पुढे ५, म्हणजे १९६५. मग पी, म्हणजे पॉन्टिॲक गावातला कारखाना. इथपर्यंत दोन्ही शक्यता खुल्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मागच्या पत्र्यांवर फिरवलं. लांबी भरलेली असेल तिथे ते चिकटत नाही. सगळीकडे चिकटलं. इंजिनाच्या पुढच्या बाजूची वंगणाची पुटं घासल्यावर दोन अक्षरं दिसली, डब्ल्यूटी. सहकाऱ्यांचा चेहरा उजळला, कारण हा १९६५च्या जीटीओच्या मॅन्युअल गिअरवाल्या इंजिनाचा कोड. पण पॉन्टिॲकच्या इंजिनांवर गाडीचा नंबर ठोकायला १९६८ला सुरुवात झाली. त्याआधीचं इंजिन कोणतं आहे हे ही अक्षरं सांगतात, ते कोणत्या गाडीत जन्मलं हे सांगत नाहीत.

आमची मावशी पैठणी घेताना पदर आधी उलटा करून बघते. या गाडीची उलटी बाजू म्हणजे कारखान्याचं बिल. पॉन्टिॲकच्या जुन्या बिलांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत, आणि नंबर पाठवून पैसे भरले की त्या गाडीच्या नोंदीची प्रत मिळते. बाईंनी आनंदाने परवानगी दिली. त्यांना खात्रीच होती. "माझ्या नवऱ्याने तीस वर्षं हिला जीटीओच म्हटलं," असं त्या दोनदा बोलल्या.

प्रत आली. ले मॉन्स, ३२६ घनइंचाचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. जीटीओ पॅकेज नाही.

किंमत जवळजवळ निम्मी झाली. बाईंना त्या पैशांतून घराचं छप्पर करायचं होतं, तेही त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. कागद वाचून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "त्यांना माहीत असेल का हो?" याचं उत्तर कुठल्याच नोंदीत नव्हतं. यजमानांनी गाडी सेकंडहँड घेतली होती, इंजिन आधीच बदललेलं असू शकतं, आणि तसंच मी सांगितलं.

परतताना सहकारी म्हणाले की त्या हा कागद फाडून दुसऱ्या कुणाला पूर्ण किमतीत विकू शकतात. खरं होतं. या धंद्यात नक्कल करणं पाप नाही. नक्कल म्हणून विकलेली गाडी घेणारे पुष्कळ आहेत, आणि मजा तीच मिळते. फसवणूक सुरू होते ती विकणाऱ्याच्या तोंडून. म्हणून मला बाईंचं कौतुक वाटतं. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. गाडी ले मॉन्स म्हणून द्यायला तयार होत्या. चांगलं इंजिन आणि न गंजलेला पत्रा धरून सहकाऱ्यांनी साध्या ले मॉन्सपेक्षा बरी रक्कम दिली. छप्पर अर्धंच झालं, असं पुढे कळलं.

जाळीवरचा बिल्ला काढू नका, एवढी एकच अट बाईंनी घातली. सहकाऱ्यांनी ती पाळली आहे. दर ऑगस्टला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो, तिथे ते गाडी घेऊन जातात. कुणी जीटीओ म्हणून कौतुक केलं की ग्लोव्ह बॉक्समधली बिलाची प्रत काढून त्याच्या हातात देतात.