फ्यूज वायरीचा, ॲम्पचा नव्हे

‘ॲम्पला दोन-दोन फ्यूज आहेत की, बॅटरीपाशी आणखी एक कशाला?’ गाडीत ॲम्प्लिफायर बसवताना हमखास येणारा हा प्रश्न मला खटकतो, कारण ऐकायला तो अगदी रास्त वाटतो. ॲम्पच्या पाठीला खोचलेले रंगीत फ्यूज ॲम्पच्या आतल्या बिघाडापुरते. बॅटरी बॉनेटखाली आणि ॲम्प डिकीत. मधली चार-पाच मीटर वायर फायरवॉलच्या भोकातून, मॅटखालून, सीटच्या पट्ट्यांजवळून जाते. भोकाला रबरी ग्रोमेट नसेल, तर पत्र्याची धार दर खड्ड्याला तिचं कातडं थोडं थोडं खरवडते. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला. वायर तिथे टेकली की करंट पत्र्यातूनच माघारी वळतो, ॲम्पपर्यंत पोचतच नाही. ॲम्पवरचे फ्यूज शाबूत, वायर जळतेय. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून 18 इंचांच्या आत बसवायचा. तेवढा तुकडा बिनसंरक्षणाचा राहतोच, पण तो डोळ्यांसमोर असतो.

‘बारा व्होल्टनं काय होणार, हात लावला तरी झटका बसत नाही’ हेही खरंच आहे. पण झटका बसणं वेगळं आणि वायर तापणं वेगळं. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि स्टार्टर फिरवणारी बॅटरी शॉर्टला काहीशे अँपिअर सहज ओतते. तेव्हा फ्यूज वायरीला पेलेल त्याहून मोठा नको, एवढं एक पाळलं तरी पुष्कळ. 500 खऱ्या वॅटचा (खोक्यावर छापलेल्या नव्हे) क्लास-डी ॲम्प 80 टक्के कार्यक्षम धरला, तर 12 व्होल्टला साधारण 52 अँपिअर ओढेल. तिथे 60 चा फ्यूज ठीक, पण वायर तेवढी हवी. वायरीचं टोक ब्लेडनं खरवडावं. आत चांदीसारखं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याच जाडीच्या तांब्याच्या जेमतेम 65 टक्के वाहकता. वेष्टनावरचं गेज मग फसवं ठरतं. आणि बेस वाजला की फ्यूज उडतो म्हणून 150 चा घालणं म्हणजे घरच्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार पिळण्याचीच आपली जुनी खोड.

‘पण फ्यूजहोल्डरच वितळतो, नसलेला बरा’ असं फिटर म्हणतात, तेव्हा मात्र माझा ताठा जरा उतरतो. त्यांचं निरीक्षण खोटं नाही. होल्डर म्हणजे वायरीत मुद्दाम आणलेला जोड. स्क्रू ढिला राहिला, दोन-चार तारा बाहेर राहिल्या, की नेमका तोच तापतो. यावर उपाय होल्डर काढून टाकणं नव्हे, चांगला होल्डर घेऊन टोक नीट क्रिंप करणं. पण गिऱ्हाईक वूफरला हजारो रुपये मोजून होल्डरच्या शे-दीडशेवर घासाघीस करतं, त्याला फिटर काय करणार? मग महिन्याभरानं बॉनेट उघडावं तर होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलेलं, आणि आतला फ्यूज जसाच्या तसा.