मर्मर

आमच्या बंड्याच्या हृदयात दोष आहे हे आम्हाला २०२३ सालच्या पावसाळ्यात कळले. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. निमित्त होते वार्षिक लसीचे. डॉक्टरांनी सवयीप्रमाणे त्याच्या छातीला नळी लावली आणि ती नेहमीपेक्षा अंमळ जास्त वेळ तिथेच राहिली. बंड्या हा पांढरा, झुपकेदार शेपटीचा स्पिट्झ. तपासणीच्या टेबलावर तो संतासारखा उभा राहतो आणि घरी आल्यावर झाल्या अपमानाचा सूड पायपुसण्यावर उगवतो. "मर्मर ऐकू येते आहे," डॉक्टर म्हणाले, "सहापैकी तिसऱ्या श्रेणीची."

मर्मर हा शब्द तोवर आम्ही केवळ पिंपळपानांसाठी राखून ठेवला होता. डॉक्टरांनी कागदावर चार कप्पे काढले. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये दोन पाकळ्यांची एक झडप असते. लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये वयाबरोबर ती पुष्कळदा जाड, वेडीवाकडी होते आणि नीट मिटेनाशी होते. हृदय आकुंचन पावले की काही रक्त पुढे जाण्याऐवजी वरच्या कप्प्यात माघारी फिरते. त्या उलट्या धारेचा आवाज म्हणजे मर्मर. मग त्यांनी ती नळी आम्हा दोघांच्या कानांना आळीपाळीने लावली. आत ठोके नव्हतेच जणू. एक भाता चालला होता. रने लेनेक या फ्रेंच वैद्याला १८१६ साली कागदाच्या सुरळीवरून स्टेथोस्कोप सुचला. अशा आवाजाला त्यानेही भात्याचीच उपमा दिली होती, हे मागाहून वाचनात आले. आपल्या 'धमनी' या शब्दाच्या मुळाशीही 'धम्', म्हणजे फुंकणे, हाच धातू आहे. शब्दांची ही कुळकथा आम्ही त्या आठवड्यात बरीच उगाळली. मुख्य गोष्टीविषयी बोलणे टाळण्याचा तो एक सुसंस्कृत मार्ग होता.

मुख्य गोष्ट अशी की, इको तपासणीत हृदय मोठे होऊ लागल्याचे दिसले आणि पिमोबेंडानची गोळी सुरू झाली. दिवसातून दोनदा, उपाशीपोटी. या औषधाचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात ३६० कुत्री होती; हृदय वाढलेली, पण अद्याप न थकलेली. हृदय निकामी होऊ लागेपर्यंतचा किंवा त्यापायी मृत्यू येईपर्यंतचा काळ औषधाविना ७६६ दिवस भरला आणि औषधाने १२२८. फरक ४६२ दिवसांचा. आमच्यातील एकाने हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला; दुसऱ्याने तो खोडला. खोडणाऱ्याचे म्हणणे असे की, हे आकडे मध्यकाचे आहेत. निम्मी कुत्री त्याच्या अलीकडे, निम्मी पलीकडे. बंड्याच्या खात्यावर कोणी दिवस जमा केलेले नाहीत.

डॉक्टरांनी आम्हाला एक गृहपाठ दिला. कुत्रा गाढ झोपला की त्याचे मिनिटाचे श्वास मोजायचे. तीसच्या आत असले तर ठीक. वर जाऊन तिथेच राहिले तर कळवायचे. त्यासाठी एक वही घातली. अठरा, वीस, एकोणीस, बावीस. वर्षभर त्या वहीत दुसरे काही नव्हते.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. बंड्याला जिने चढू द्यायचे की उचलून न्यायचे, यावरून आमचे जसे भांडण झाले, तसे संसारातल्या अन्य कोणत्याही प्रश्नावर झाले नसेल. एकाला त्याला जपायचे होते, दुसऱ्याला त्याला जगू द्यायचे होते. आणि दोघांनाही समोरच्याचे म्हणणे क्रूर वाटत होते. एके दिवशी उघड्या दारातून तो मांजरामागे तीन मजले उतरला आणि आम्ही चपला शोधेपर्यंत आपला आपण वर आला. धापा टाकत, शेपूट उभारून, विजयी मुद्रेने. कोणी काही बोलले नाही. त्या रात्री श्वास दोनदा मोजले. चोवीस.

गेल्या दिवाळीत मात्र आकडा बेचाळीस आला. तो आडवा व्हायला तयार नव्हता. कोपरे फाकवून, मान ताणून बसून होता. फुप्फुसांत पाणी झाले होते. रात्रभर प्राणवायू आणि पाणी उतरवणारी इंजेक्शने. पहाटे आम्ही डॉक्टरांना जिन्यांविषयी विचारले. "आजाराचा क्रमच असा आहे," ते म्हणाले, "तुमच्या जिन्याचा त्यात दोष नाही." एकाने विश्वास ठेवला, दुसऱ्याने ठेवल्याचे दाखवले. कोणी काय केले, हे आम्ही एकमेकांना अद्याप विचारलेले नाही.

मराठीत प्रथमपुरुषाची दोन अनेकवचने आहेत. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. बंड्याविषयी बोलताना आम्ही 'आम्ही' असतो. त्याच्याशी बोलताना न चुकता 'आपण'. आपण गोळी घ्यायची ना? आपण खाली जायचं का? वस्तुतः गोळी त्याची आणि दमही त्याचाच. पण लघवीच्या औषधामुळे पहाटे तीनला त्याला खाली न्यावे लागते, तेव्हा ते 'आपण' बरेचसे खरे होते. आता त्याला उचलूनच नेतो. कोणी दंडाला धरले की वयस्क माणूस जसा दुसरीकडे पाहतो, तसा तो जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून ते चालवून घेतो.

त्याला आता तेरावे वर्ष लागले आहे. हे लिहिताना तो टेबलाखाली झोपला आहे. एक जण घड्याळ पाहतो, दुसरा बरगड्या. छाती वर आली आणि खाली गेली की एक. आज सव्वीस. वहीत लिहून दिवा मालवतो.